'एचबी' अकरा आणि 'एचबीए१सी' अकरा

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर गेल्या महिन्यात मधुमेहावर एक लेख आला होता. लेख माहितीपूर्ण होता आणि लिहिणारे डॉक्टर विषयातले जाणकार आहेत हे परिच्छेदापरिच्छेदातून दिसत होते. तरीही तो वाचून आमच्या शेजारच्या काकू कात्रण हातात घेऊन माझ्याकडे आल्या आणि त्यांनी जो प्रश्न विचारला, त्यामुळे हे पत्र लिहीत आहे. त्या लेखात 'एफबीएस', 'पीपीबीएस', 'एचबीए१सी', 'ईजीएफआर', 'सीव्हीडी' अशी लघुरूपे जागोजागी होती आणि त्यांतल्या एकाचाही विस्तार कोठे दिलेला नव्हता. काकूंची सून सात महिन्यांची गरोदर आहे. तिच्या रक्ततपासणीत 'एचबी' ११ आले होते. लेखात मात्र 'एचबीए१सी' साडेसहाच्या वर गेले की मधुमेह समजावा, असे छापलेले. तेव्हा सुनेला मधुमेह झाला का, असा काकूंचा प्रश्न होता. माझ्याकडे येण्याआधीच त्यांनी दोन दिवस तिची गूळ घातलेली नाचणीची आंबील बंद करून टाकली होती.

'एचबी' म्हणजे हिमोग्लोबिन, रक्तातल्या तांबड्या पेशींमधले प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन. १०० मिलिलिटर रक्तात ते किती ग्रॅम आहे, हे तो आकडा सांगतो. गरोदर स्त्रीला ११ ग्रॅम म्हणजे काठावर का होईना, पण ठीक. 'एचबीए१सी' हा त्याच हिमोग्लोबिनचा साखर चिकटलेला भाग असून तो टक्क्यांत मोजतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून त्या टक्क्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळते. तो आकडा ६.५ किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह समजतात, आणि ११ असेल तर रक्तातली सरासरी साखर २७० मिलिग्रॅमच्या घरात असते, म्हणजे उद्यावर न टाकता डॉक्टर गाठावा अशी स्थिती. नावातला फरक शेवटच्या तीन खुणांचा आणि आकडा तोच, पण एकीकडे त्याचा अर्थ 'लोहाच्या गोळ्या चालू ठेवा' एवढाच होतो, तर दुसरीकडे साखर पार हाताबाहेर गेली असा होतो. काकूंना वाचता येत नाही असे कोणी समजू नये. सातबाऱ्यावरची आणेवारी, सामाईक हिस्से आणि इतर हक्कांतल्या नोंदी त्या माझ्यापेक्षा चांगल्या वाचतात.

लघुरूपांना माझा विरोध नाही. आमच्या लहानपणी मुंबईहून येणारे प्रत्येक पत्र 'शि. सा. न. वि. वि.' ने सुरू होऊन 'ता. क.' ने संपत असे, पाकिटावर 'मु. पो.' आणि 'ता.' लिहिलेले असे, आणि घरातले सातवीतले पोरही ते न अडखळता वाचून दाखवीत असे. कारण ती अक्षरे कशाच्या जागी उभी आहेत, हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होते. वैद्यकातली लघुरूपेही मुळात अशीच घरातली आहेत. डॉक्टरने औषधविक्रेत्यासाठी, परिचारिकेसाठी किंवा पुढच्या डॉक्टरसाठी लिहिलेली ती खूण. ओपीडीत दीडशे रुग्ण बसलेले असताना प्रत्येक शब्द पूर्ण लिहा, असे मी कोणत्याही डॉक्टरला सांगणार नाही. पण आता तो कागद त्या घरात राहत नाही. तपासणीचा अहवाल थेट रुग्णाच्या मोबाइलवर येतो, तेथून मुंबईच्या मुलाकडे जातो, मुलगा लोकलमध्ये उभ्या उभ्या ती अक्षरे शोधतो, आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत घरात निदान होऊन गेलेले असते.

मी राजापूर तालुक्यात आणि आजूबाजूला निरनिराळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधनिर्माण अधिकारी म्हणून तीसहून अधिक वर्षे काम करून निवृत्त झालो. हुद्दा काहीही असला, तरी गावाला मी 'कंपाउंडर'च होतो. औषधाच्या खिडकीआड उभे राहिल्यावर चिठ्ठीवरच्या अक्षरांचे लोक काय करतात, हे चांगले दिसते. चिठ्ठीच्या माथ्यावर इंग्रजी 'आर'च्या पायाला काट मारलेली जी खूण असते, तीही लघुरूपच आहे, 'घे' या अर्थाच्या लॅटिन आज्ञेचे. त्याखालची बहुतेक अक्षरेही लॅटिनच. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, क्यूआयडी म्हणजे चारदा, एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर, एचएस म्हणजे झोपताना आणि स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. दम्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्यासमोर चिठ्ठी आपटून, 'तोंडाने बिडी सोड सांगतात आणि कागदावर बिडीच लिहून देतात' अशी तक्रार केली होती, तेव्हा खिडकीसमोरची सगळी रांग हसली होती.

सगळेच प्रसंग हसण्यासारखे नसतात. नाटे बंदरातल्या एका तांडेलाला कंबरदुखीसाठी गोळ्या दिल्या होत्या आणि चिठ्ठीवर 'एसओएस' लिहिले होते. लॅटिनमधून आलेल्या या अक्षरांचा अर्थ 'गरज पडल्यास' एवढाच आहे. पण ज्याचा जन्म समुद्रावर गेला, त्याला एसओएस म्हणजे बोट बुडायला लागल्यावर देण्याचा इशारा. (१९०६ साली बर्लिनच्या बिनतारी परिषदेत ठरलेल्या त्या इशाऱ्याचा लॅटिनशी काही संबंध नाही. मोर्सच्या टिंब-रेघांत तो पटकन ओळखू यावा, एवढ्यासाठीच ती अक्षरे निवडली होती.) जीवावर बेतल्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही, असा अर्थ काढून तो माणूस आठ दिवस कंबर धरून जाळी ओढत राहिला. टीडीएसची गत आणखी गमतीची आहे. चिठ्ठीवर त्याचा अर्थ दिवसातून तीन वेळा, माझ्या पेन्शनच्या कागदावर उद्गम करकपात, आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकायला आलेल्या माणसाच्या तोंडी पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. हे शेवटचे आम्हा किनाऱ्यावरच्यांच्या विशेष परिचयाचे, कारण मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते.

'ओडी'चा अनुभव माझ्या स्वतःच्या घरातला आहे. माझ्या आत्याच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. चिठ्ठीवर थेंबांच्या नावापुढे 'ओडी' लिहिलेले होते. नेत्रवैद्यकात ओडी म्हणजे उजवा डोळा, हीही लॅटिनचीच देणगी. थेंब दिवसातून सहा वेळा घालायचे आणि आठवड्यागणिक कमी करत न्यायचे, हे डॉक्टरांनी तोंडी सांगितले होते. ते ऐकणारा भाचा त्याच रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला. दुकानातल्या मुलाने खोक्यावर पेनाने 'रोज एकदा' असे लिहून दिले आणि आत्याने ते इमानेइतबारे पाळले. पुढच्या तपासणीला गेली तेव्हा डोळा लाल, सुजलेला आणि पाणी गळणारा होता. औषध वाढवल्यावर महिन्याभरात डोळा निवळला. दुकानातल्या मुलाला मी दोष देत नाही, कारण त्याला शिकवलेल्या दोन अक्षरांचा एकच अर्थ माहीत होता आणि तो चूकही नव्हता.

यापेक्षा वाईट प्रसंग 'एआरव्ही'चा. एका वाडीतल्या तिशीच्या तरुणाला कुत्रा चावला. केंद्रावर जखम साबणपाण्याने धुतली, पहिली सुई दिली आणि कागदावर 'एआरव्ही' लिहून पुढे 'डी०, डी३, डी७, डी२८' असे दिवस टाकून दिले. आरोग्य केंद्राच्या भाषेत एआरव्ही म्हणजे रेबीजविरोधी लस, आणि डी० म्हणजे पहिली सुई दिली तो दिवस. त्याच्या वहिनीने ती अक्षरे मोबाइलवर टाकली, तेव्हा समोर आली ती एचआयव्हीची औषधे, कारण त्या विषाणूवरच्या औषधांनाही एआरव्हीच म्हणतात. घरात कोणी काही विचारले नाही. त्याची बायको मुलाला घेऊन माहेरी गेली आणि त्याचे ताट वेगळे झाले. तोही लाजेने केंद्राकडे फिरकला नाही, आणि तिसऱ्या दिवसाची सुई चुकली. पाचव्या दिवशी आशाताईंनी मला निरोप दिला म्हणून मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल, आणि या घरात मात्र सगळ्यांना दुसऱ्याच रोगाचे भय होते. चुकलेली सुई त्याच दिवशी घेतली आणि पुढच्या सुया चालू ठेवल्या. एखादी सुई लांबली म्हणून सगळा क्रम पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. बायको परत आली. त्या कागदावर 'कुत्रा चावल्याची लस' एवढे तीन शब्द मराठीत असते, तर यातले काहीही घडले नसते, आणि ते तीन शब्द लिहायला दहा सेकंदही लागत नाहीत.

मापांची लघुरूपे तर त्याहून निसरडी. मायक्रोग्रॅमसाठीची ग्रीक खूण हाताने लिहिली की मिलिग्रॅमसारखी दिसते, आणि फरक हजारपटीचा आहे. थायरॉइडच्या गोळ्या मायक्रोग्रॅममध्येच येतात. इन्सुलिनच्या 'युनिट'साठी नुसते इंग्रजी 'यू' अक्षर लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात. अमेरिकेतील रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये 'हे लिहूच नका' अशी एक छोटी यादी काढली. त्यात हे 'यू' अक्षर आहे, रोज एकदा आणि एक दिवसाआड यांसाठीची तिकडची लॅटिन लघुरूपे आहेत, आणि ५ च्या पुढे विनाकारण दिलेला दशांशचिन्हासकटचा शून्यही आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. आपल्या बाटल्या बहुधा 'यू-४०' असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि पेनमधले इन्सुलिन 'यू-१००'. सिरिंजही दोन प्रकारच्या, यू-४० ची टोपी लाल आणि यू-१०० ची नारिंगी. गणपतीला आलेला एक चाकरमानी आईसाठी मुंबईहून चांगल्या बारीक सुईच्या नारिंगी टोपीच्या सिरिंज घेऊन आला. बाटली मात्र यू-४० ची. वीसच्या रेघेपर्यंत भरले की पोटात जात होते आठ युनिट. साखर का उतरत नाही म्हणून बिचारीने मोदकसुद्धा सोडले होते. उलटी गल्लत झाली असती, म्हणजे यू-१०० चे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरले असते, तर वीसच्या जागी पन्नास युनिट गेली असती आणि ती बेशुद्धच पडली असती.

चिठ्ठी सुवाच्य असावी आणि औषधाचे मूळ नाव शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ मध्ये झाली. अक्षर सुधारले की अर्धे काम होते हे खरे, पण मोठ्या, टपोऱ्या अक्षरांत लिहिलेले 'ओडी'सुद्धा 'ओडी'च राहते. सकाळ-दुपार-रात्र यांसाठी '१-०-१' असे लिहिण्याची आपल्याकडची पद्धत त्या मानाने कितीतरी शहाणपणाची आहे, कारण ती न वाचता येणाऱ्यालाही बोटांवर मोजून दाखवता येते.

लोकांना लघुरूप कळतच नाही, असे कोणी म्हणू नये. 'लेप्टो' हा शब्द घ्या. लेप्टोस्पायरोसिस हे नाव अजूनही अनेक शिकलेल्यांना धड उच्चारता येत नाही. पण भातलावणीच्या दिवसांत पायाला जखम असताना चिखलात उतरलेला गडी ताप आला की 'लेप्टो तर नसेल?' असे स्वतःहून विचारतो, कारण आरोग्यसेवकांनी वर्षानुवर्षे बांधाबांधावर जाऊन उंदराच्या मुताने हा रोग कसा पसरतो ते समजावून सांगितले आहे. 'केएफडी' ही तीन अक्षरे दोडामार्ग-बांद्याकडच्या माणसाला काहीच सांगत नाहीत. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, तेथून ते नाव आले. 'माकडताप' म्हटले की मात्र मेलेले माकड दिसले तर त्या बाजूला फिरकू नये आणि अंगावर गोचीड चढू देऊ नये, एवढे काजूच्या बागेत काम करणाऱ्या बाईच्या लगेच लक्षात येते. आणि 'आशा' हेही इंग्रजी लघुरूपच आहे, हे तर गावात कोणाला सांगूनही पटायचे नाही.

अर्थ लोकांपर्यंत न पोहोचता नुसती अक्षरेच रुजली की काय होते, ते 'ओआरएस'च्या बाबतीत दिसले. जुलाबात शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणाऱ्या या पुडीचे प्रमाण ठरलेले आहे. एक लिटर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि त्याबरोबर मोजके क्षार, बस. आम्ही तिला 'जलसंजीवनी' म्हणत असू. पुढे बाजारात नावात 'ओआरएस' असलेली, पण कितीतरी अधिक साखर घातलेली पेये कागदी खोक्यांतून आली, आणि माझ्या डोळ्यांदेखत आया जुलाब झालेल्या लेकरांना ती नळीने पाजू लागल्या. साखर जास्त झाली की जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ठरलेल्या सूत्राबाहेरच्या पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास मनाई केली, त्यामागे हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी कित्येक वर्षे चालवलेला पाठपुरावा होता.

हा प्रश्न दवाखान्यापुरताही नाही. मृदा आरोग्य पत्रिकेवर 'ईसी' असते ती मातीची विद्युतवाहकता, म्हणजे जमिनीत क्षार किती उतरले आहेत त्याचे माप. आंब्यावर फवारायच्या औषधाच्या बाटलीवर 'ईसी' असते, ते पाण्यात टाकल्यावर दुधासारखे होणारे तेलकट द्रावण. आमच्या एका बागायतदाराने पत्रिकेवर 'ईसी कमी' असे वाचून दुकानातून 'ईसी' आणायची तयारी केली होती, ते मी या कानांनी ऐकले आहे.

आपल्याला माझी विनंती एवढीच, की आरोग्य, शेती आणि विज्ञान या पानांवर लघुरूप पहिल्यांदा येईल तेथे त्याचा पूर्ण शब्द आणि मराठीतला अर्थ लगेच द्यावा, मग पुढे लेखभर खुशाल लघुरूप वापरावे. त्याने दोन ओळींची जागा जाईल. तपासणी केंद्रांनी अहवालाच्या पाठीमागे, जी बहुतेकदा कोरी किंवा जाहिरातीची असते, नेहमीच्या वीस-पंचवीस अक्षरांचा मराठी तक्ता छापावा. एकच तपासणी एका ठिकाणी 'एसजीपीटी' आणि दुसऱ्या ठिकाणी 'एएलटी' अशा दोन नावांनी लिहितात, तेथे दोन्ही नावे द्यावीत, नाहीतर यकृताची ही एकच तपासणी वाचून लोक दोन आजार समजतात. औषधविक्रेत्यांनी खोक्यावर 'रोज एकदा' लिहिण्याआधी चिठ्ठी कोणत्या डॉक्टरची आहे हे वर पाहावे. तक्ता कोणी छापायला घेतला, तर मजकूर करून द्यायला मी विनामूल्य तयार आहे.

सोबत आपल्या त्या लेखाचे कात्रण जोडले आहे. समासात पेन्सिलीने मी विस्तार लिहिले आहेत. 'एफबीएस' म्हणजे उपाशीपोटीची साखर, 'पीपीबीएस' म्हणजे जेवणानंतर दोन तासांची, 'ईजीएफआर' म्हणजे मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्त गाळतात त्याचा अंदाज. 'मधुमेहींना सीव्हीडीचा धोका अधिक' या वाक्यात मात्र मी अडलो. ही अक्षरे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठीही वापरतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठीही, आणि मधुमेहात धोका दोहोंचाही वाढतो. त्याखाली रेघ मारली आहे. लेखकांना कोणता अर्थ अभिप्रेत होता, ते त्यांना विचारून पुढच्या अंकात छापावे. काकूंना 'सीव्हीडी'चा अर्थ मी अजून सांगितलेला नाही.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी